लाकडी डोक्याला कौल

गोव्याच्या पेडणे तालुक्यात, चोपड्याच्या धक्क्याला फेरीबोट लागली, आणि त्या रविवारी बोटीतून माणसं उतरली नाहीत, सांडली. शिवोलीची, म्हापशाची, पार डिचोलीकडची. हातात नारळ, काखेत पोर आणि सगळ्यांचे पाय एकाच दिशेला. धक्क्याच्या वरच्या अंगाला सगुणचं घर होतं. घराला बालकांव, म्हणजे पुढची कठड्याची ओसरी, आणि त्या बालकांवात खुर्चीवर लाल मखमल टाकून देव बसवला होता. देव म्हणजे हेडफोन.

हसू नका, हेडफोनच. डोक्यावरून पट्टी, दोन कानांना दोन डबे, खाली वायर. त्याला झेंडूचा हार, पुढ्यात समई, आणि दोन्ही डब्यांवर एकेक लालभडक ठिपका. हे कुंकू माणसाने लावलेलं नाही, देव कुंकवासकटच प्रकटला, असं सगुणचं म्हणणं होतं. खरवडून बघा म्हणे, निघत नाही. भाविकांनी नखं मोडून घेतली होती, आणि खरंच निघत नव्हतं.

"आखातात बोट बुडत होती," सगुण सांगत होता. पांढरा सदरा, सोनेरी बटणं, सावलीतही काळा चष्मा. मुरगावच्या बंदरातून तो कधीकाळी बोटीवर भांडी घासायला गेला होता आणि लाटा सहन होईनात म्हणून पुढच्याच बंदरात उतरून परत आला होता. पण ते आता कोण आठवणार! "कप्तान रडता, खलाशी रडतत. मी म्हटलंय, देवा, आता तूच! आणि लाटेतसून ह्यो वर आयलो. वायरीसकट! आणि कसो? कोरडो खडखडीत!"

"कोरडो!" गर्दीने हात जोडले.

"वायरीच्या टोकाक पीन पण होती?" मागून कुणीतरी विचारलं.

"पीन नाय तर टेपाक जोडूचो कसो? देवाक तितकी अक्कल नाय?"

विचारणारा बिचारा ओशाळून मागे सरला.

आता पेडण्याकडची रीत अशी, की देवाला विचारल्याशिवाय कुणी विहीरसुद्धा खणत नाही. देवळात मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि टक लावून बसायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली की देवाने उजवी दिली, म्हणजे हो. डावी पडली की नको. ह्याला म्हणायचं कौल. पण पाकळी कधी लवकर पडत नाही, पुजाऱ्याला जेवायला जायचं असतं, माणसं ताटकळतात. सगुणने ही सगळी रखडपट्टी मोडीत काढली. हेडफोन कानाला लावायचा, मखमलीखालच्या टेपरेकॉर्डरवर ओंकाराची कॅसेट लागायची, आणि त्या ओंकारावर बसून देव घुरघुरायचा. उजव्या कानात घुरघुरला की उजवी, डाव्या कानात घुरघुरला की डावी.

"पाकळी वाऱ्यान पडता, पाल फिरली तर पडता," सगुण म्हणायचा. "हय वारो नाय, पाल नाय. देवाच्या तोंडातसून सरळ तुमच्या कानात!"

साल सत्त्याऐंशी. गोवा घटक राज्य होणार म्हणून सगळीकडे धामधूम, त्याआधी राजभाषेच्या वादात भावाभावांनी बोलणं सोडलेलं. तेव्हा देव कोणत्या भाषेत घुरघुरतो हा प्रश्न निघणारच. मराठीवाल्यांना शुद्ध मराठी ऐकू आली, कोंकणीवाल्यांना अस्सल कोंकणी, आणि ओसरीवरच बाह्या सरसावल्या गेल्या. सगुणने दोघांनाही पुन्हा नारळ आणायला लावला आणि निवाडा दिला, की देवाला दोन कान दिलेत ते उगाच नाही. दोन्ही पक्ष खूष होऊन गेले. नारळ मात्र मागच्या दाराने सगुणच्या मेहुण्याच्या दुकानात जायचे आणि पुढच्या दाराने नव्या भाविकाच्या हातात परत यायचे. एकेका नारळाला ओसरीची वाट पाठ झाली होती.

ह्या गर्दीत कोपरं मारत वाट काढणारी बाई म्हणजे शालिनी. चोपड्याची माहेरवाशीण, डिचोलीत दिलेली, आणि तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात क्वालिटी कंट्रोलची मुख्य. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, आवाज खणखणीत, आणि जिभेला लगाम नाही. तिने नापास केलेला माल मालकाने पास म्हटला तर ती मालकालाही नापास करायची. ती आज आली होती भाचीला इस्पितळात पोचवायला. पण धक्क्यावर दोर बांधणारा तिचा भाऊ दत्ताराम तिची नजर चुकवत होता.

"गौरवी खंय? तयारी झाली मां?" शालिनीने विचारलं.

दत्तारामने दोराची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधली. "ऑपरेशन रद्द केलां, बाय."

"कोणी? डॉक्टरान?"

"देवान." त्याने मानेनेच सगुणच्या ओसरीकडे दाखवलं. "डावी दिल्यान."

शालिनी घरी कशी पोचली ते तिलाच कळलं नाही. गौरवी खिडकीपाशी बसली होती, डोकं डाव्या खांद्याकडे कललेलं. पहिलीतलं पोर, एरवी घरात टिकायचं नाही. गेल्या पावसाळ्यापासून तिचा डावा कान वाहत होता. आता कानामागचं हाड सुजून लाल झालं होतं. म्हापशाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की पू हाडात शिरलाय, लगेच पणजीच्या मोठ्या इस्पितळात नेऊन ऑपरेशन करा, उशीर केलात तर कान जाईल आणि विष मेंदूकडे चढेल. शालिनीनेच ओळख काढून खाट मिळवली होती.

"आये, तुका वेड लागलां?" शालिनी आईवर कडाडली.

भागीरथीबाई खाली बघत तांदूळ निवडत राहिल्या. आंबाड्यात अबोलीच्या फुलांचा वळेसर, कपाळावर आठ्या. "ओरडा नको. माका काय चेडवाची, नातीची माया नाय? मी स्वता कानान आयकलंय. डाव्या कानात घुरघुरलो. सगुण म्हणता, देव तेच्याच डाव्या कानात येवन बसलोहा. थंय सुरी लावलास तर देवाक लागतली."

"देवाक लागतली? आणि चेडवाक?"

"आते, देव कानात बसलो तर दुखता कित्याक?" गौरवीने विचारलं.

दत्तारामची बायको शेवंती दाराआड उभी होती. ती सासूसमोर कधी बोलत नसे. ती फक्त शालिनीचा हात धरून पुटपुटली, "वन्सं, आयेच्या शब्दाभायर हे जावचे नाय. तुमी थंयसून उजवी घेवन येया. कशीय घेवन येया."

म्हणून क्वालिटी कंट्रोलची मुख्य शालिनी, हातात नारळ घेऊन, रांगेत उभी राहिली. सगुणने गोड आवाजात आधी सगळी चौकशी केली: कोणाची कोण, घरात कोण काय म्हणतं, म्हातारीची इच्छा काय. मग "देवाक कूस बदलूक लागता" म्हणत कॅसेट काढली, उलटी करून घातली, आणि हेडफोन शालिनीच्या डोक्यावर चढवला.

आधी ओंकार आणि त्यामागे पेटीचा एक लांबलचक सूर आला. आणि त्या सुरावर, डाव्या कानात अगदी आत, कोणीतरी घुरघुरलं.

खरं सांगायचं तर शालिनी दचकली. हसायला आलेली बाई, हात आपोआप जोडले गेले. कानाच्या आत कुणी बोललं की माणूस घाबरतोच, त्यात लाज कसली! पण घुरघुर चालूच राहिली, आणि शालिनीच्या मनात आलं, अरे, हा आवाज आपण ओळखतो. ओळखतो म्हणजे काय, सकाळी आठ वाजल्यापासून संध्याकाळपर्यंत आपण दुसरं ऐकतोच काय? तिचा कारखाना हेडफोनचाच, आणि हेडफोनच्या आत कागदासारखा पातळ पडदा असतो. त्या पडद्यावर कचरा पडला की ठराविक सुराला तो असाच तडतडतो. तिने हेडफोन उतरवून डबा निरखला. तो लालभडक ठिपका तिच्याच ब्रशातला होता. नापास मालावर ती तोच ऑइल पेंट लावायची. तो माल हातोड्याने फोडून टाकायचा असं ठरलेलं, पण फोडायचं कंत्राट घेतलेल्याने तो अख्खाच भंगारात विकला होता.

"हे कुंकू नाय," ती ओरडली. "ह्यो रिजेक्ट माल! मीच नापास केलंय तेका!"

सगुणने काळा चष्मा वर सरकवला, शालिनीकडे पाहिलं आणि दोन्ही हात आभाळाकडे नेले. "आयकलास? देवाक नापास केल्यान! बाईमाणूस देवाची परीक्षा घेता!" गर्दीने शालिनीला अशा नजरेने पाहिलं, की ती मुकाट्याने पायऱ्या उतरली. मुकाट्याने हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्याच दिवशी ती कारखान्यातून तपासणीचं सगळं बिऱ्हाड घेऊन निघाली. एक सूर काढणारं यंत्र, एक काट्याचा मीटर, एक नवाकोरा हेडफोन, आणि लाकडी डोकं. हे डोकं सुताराकडून मापाने करून घेतलं होतं. त्याला रबराचे कान आणि कानांत माइक. हेडफोन माणसाच्या डोक्यावर बसतो तसाच घट्ट बसला पाहिजे, नाहीतर फटीतून खर्ज निसटतो आणि मोजमाप चुकतं, म्हणून ही खटपट. कारखान्यातल्या कोल्हापूरच्या पोरांनी त्याचं नाव पाटील ठेवलं होतं, कारण तो सगळ्यांचं ऐकून घेतो आणि करत काहीच नाही.

बसमध्ये पाटील शालिनीच्या शेजारी टॉवेल गुंडाळून बसला. कंडक्टरने दोन तिकिटं फाडली. टॉवेल सरकून रबरी कान दिसले तेव्हा त्याने तिसऱ्या सीटवरच्या भटजींना हळूच विचारलं, की धड मागच्या गाडीने येतंय का.

ती चोपड्यात उतरली तेव्हा बातमी पुढे धावली होती. नापास करणारी बाई मुंडकं घेऊन आली आहे! ओसरीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. सगुणने आधी सांगून टाकलं, की देव यंत्रासमोर बोलत नाही. पण गावचे नारायण मास्तर पुढे झाले. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे आणि शाळा सुटल्यावर सगुणच्या रांगेत उभे राहायचे.

"होऊ द्या परीक्षा," मास्तर पुस्तकी मराठीत म्हणाले. "शास्त्रीय दृष्ट्या हे दैवी लहरींचंच कार्य आहे. सिद्ध होऊ द्या."

शालिनीने पाटलाला मेजावर ठेवलं, डोक्यावर देव चढवला आणि यंत्रातून एक खर्जाचा सूर सोडला. त्याच्या कानातल्या माइकची वायर ओसरीवर आरतीसाठी लावलेल्या मोठ्या स्पीकरला जोडलेली, त्यामुळे पाटलाच्या कानात काय चाललंय ते सगळ्या गावाला ऐकू आलं. उजव्या डब्यात देव घुरघुरला.

"उजवी!" गर्दी ओरडली. "पाटलाक उजवी दिल्यान!"

"पाटलान काय विचारल्यान?" शालिनी म्हणाली.

"काय नाय विचारूक," एक म्हातारा म्हणाला. "तरी दिल्यान. देवाक लाकडाची पण दया आयली."

शालिनीने कपाळावर हात मारला. सूर हळूहळू वर चढवला. उजवी घुरघुर थांबली, आणि एका ठिकाणी आल्यावर डावा डबा तडतडू लागला. "डावी!" लोक ओरडले. सूर खाली आणला. "उजवी!" वर. "डावी!" बघता बघता पाटलाला इतके कौल मिळाले, की तेवढ्यात त्याचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा ठरलं.

"आता हय बघा," तिने मीटरवर बोट ठेवलं. "मी एकच सूर आत घातलंय. ह्यो मीटर तो सूर वजा करता आणि उरलां काय ता दाखयता. तांदूळ पाखडले की खडे उरतत, तशे. आम्ही कारखान्यात हेच मोजतंव, आवाजातली भेसळ. मी घातलंय नाय ता भायर आयला, तर ता कोणाचा?"

"देवाचा!" सगळे एका सुरात म्हणाले.

"बिघाडाचा!" शालिनी किंचाळली. "एक डबो वेगळो वाजता, दुसरो वेगळो. दोनूय कान सारखे वाजले असते तर समजला असता, की घडणच तशी आसा. फरक पडता म्हणजे ह्यो नग मोडको!" तिने नवा हेडफोन पाटलाला चढवला. तोच सूर, खाली-वर, खाली-वर. घुरघुर नाही, तडतड नाही. काटा जागेवरून हलेना.

लोकांच्या तोंडावर पहिल्यांदा शंका उमटली. पण सगुण काय कच्चा होता? "हलतलो कसो? तेची प्राणप्रतिष्ठा खंय झालीहा?"

"आणि शास्त्रीय दृष्ट्या," मास्तर म्हणाले, "नवं यंत्र घट्ट असतं. लहरी शिरायला फट हवी. बिघडलेल्यातच फट असते."

"मास्तर, मगे तुमच्या डोक्यात किती शिरल्या असतल्या!" शालिनी म्हणाली. लोक हसले, पण पटलं कुणालाच नव्हतं.

तेवढ्यात धक्क्यावर फेरीबोट आली. तिच्या इंजिनाची घरघर पाटलाच्या कानातल्या माइकने बरोबर टिपली आणि मीटरचा काटा सपकन उजवीकडे गेला. झालं! "मीटरान उजवी दिल्यान!" एकच गलका. कुणीतरी हेडफोनवरचा हार काढून मीटरला घातला. कुणी कुंकू लावलं. एकाने मीटरच्या पुढ्यात नारळ फोडला आणि पाणी सर्रकन बटणांवर गेलं. शालिनी पदराने मीटर पुसत ओरडत होती, "अरे ती बोट! इंजिन बंद करा, मगे बघा!" आणि लोक तिच्याच पाया पडत होते. सगुण बाजूला उभा राहून मिश्कील हसत होता. धंदा मोडला नव्हता, उलट दुसरी शाखा निघाली होती.

शालिनीला रडू आलं. चार चार यंत्रं आणली, खरं ते डोळ्यांना दाखवलं, कानांना ऐकवलं, आणि माणसं खरं सोडून यंत्रालाच नमस्कार करत बसली. तिकडे पोराच्या कानामागे विष चढतंय, आणि इथे मीटरला हळद लावायची की नको ह्यावर चर्चा चाललीय.

गर्दीच्या मागून शेवंती आली. डोकं उघडं, खांद्यावर गौरवी. "वन्सं, ताप उतरना. चेडू हाकेक ओ देयना." तिच्या मागोमाग भागीरथीबाई धापा टाकत पोचल्या. म्हातारीचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाजूक व्हा," त्या म्हणाल्या. "माका परत एकदा विचारूचा आसा. माझ्या कानान."

सगुणला हवंच होतं. म्हातारीच सुरीला भ्यायची, हे तो जाणून होता. त्याने देवाची कूस बदलली, कॅसेट उलटी घातली. भागीरथीबाईंनी हेडफोन घेतला, पण घाईत पट्टी आंबाड्यात आणि अबोलीच्या वळेसरात अडकली. शेवटी त्यांनी तो कसाबसा पुढून ओढून बसवला. कोणता डबा कुठे गेला, ते त्यांनी पाहिलंच नाही. डोळे मिटले, हात जोडले. आणि एकदम ओरडल्या.

"उजवी! उजवी दिल्यान! शेवंते, उजवी!"

सगुण दचकला. "गे म्हातारे, तू उलटो घातलास! डावो डबो उजव्या कानार आयलो. ती डावीच."

भागीरथीबाईंनी डोळे उघडले. हेडफोन काढला, सुलटा केला, घातला. डावी. काढला, उलटा केला, घातला. उजवी. पुन्हा सुलटा. डावी. आंबाडा पार सुटला, फुलं ओसरीवर पडली, म्हातारी थांबेना.

"म्हणजे," त्या हळूहळू म्हणाल्या, "माझा गाऱ्हाणा ताच, माझी नात तीच. हेडफोन फिरवलो की देव फिरता?"

"तसा नाय गे..."

"मगे कसा? देव माझ्या बाजूक बघना, ह्या डब्यात अडकान पडलोहा? माझा आंबाडो सैल आसलो तर चेडू जगतला आणि घट्ट आसलो तर मरतला?" त्यांनी हेडफोन सगुणच्या डोक्यात उलटा खुपसला. "आयक! तुका काय सांगता ता सांग सगळ्यांक!"

मग जे झालं त्याला नाव नाही. ज्याला त्याला देव फिरवून बघायचा होता. ज्याचा खटला डावीने बुडाला होता त्याने उलटा घालून तो जिंकला. जिची सोयरीक उजवीने ठरली होती तिने तिथल्या तिथे मोडली, आणि तिला बहुधा तेच हवं होतं. मीटरने जे जमलं नाही ते दोन हातांनी जमलं, कारण ह्यात कुणाला कुणाचं ऐकायचं नव्हतं.

शालिनीने आता वेळ दवडला नाही. स्क्रू काढून आधी उजवा, मग डावा डबा उघडला आणि पुढच्या माणसांना दाखवला. उजव्याच्या कडेला पोचा आलेला, त्यामुळे पडद्यामागची तारेची गुंडाळी चुंबकाला घासत होती. खर्जाच्या सुराला पडदा जास्त हलतो, तेव्हा घुर्र. डाव्या डब्यात पडद्यावर लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला, तो वरच्या सुराला तडतडायचा. कॅसेटच्या एका बाजूला पेटीचा खालचा सूर, दुसऱ्या बाजूला वरचा. एवढाच देव. कोणता सूर लावायचा हे सगुण ठरवायचा, आणि समोरच्याला काय ऐकायचंय ते बघून ठरवायचा.

सगुणने शेवटचा प्रयत्न केला. "बरा, ह्यो नको तर नको. चला देवळात, पाकळी लावूया."

"आणि पाकळी लावू?" भागीरथीबाई त्याच्या अंगावर गेल्या. "ती पडासर चेडवाचो कान थांबतलो? कान दुखता तर कान बघणाऱ्याक विचारूचा. इतका माझ्या डोक्यात आधी आयला नाय, ह्या लाकडाच्या डोक्यान शिकयला!" मग त्यांनी धक्क्याकडे वळून हाक मारली. "दत्तारामा! बोट सोड!"

दत्ताराम त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणी पळाला. बोटीत शेवंती, मांडीवर गौरवी, शेजारी शालिनी. पाटील ओसरीवरच राहिला, कारण त्याच्या भोवती लोक बसून अजून वाद घालत होते. मीटरमध्ये पाणी गेलं होतं, मालक ओरडणार होता. शालिनीला त्याचं काहीच वाटलं नाही. ती भाचीचा तापलेला तळवा धरून बोटीचं पाणी कापणं बघत राहिली.

ऑपरेशन झालं. पोर वाचलं. पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी गौरवीला काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन घातला आणि सांगितलं, आवाज आला की हात वर कर. भागीरथीबाई काचेला नाक लावून उभ्या होत्या. उजव्या कानाला आवाज सोडले, हात भराभर वर गेला. मग डावा. गौरवी शांत बसली. आवाज वाढवला. ती इकडे तिकडे बघत होती. आणखी वाढवला. तेव्हा कुठे हात हळूच वर गेला.

"उजवा उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "डावा वाचला, पण सगळा नाही. हाड सुजलं त्याच दिवशी आणली असती, तर कदाचित पूर्ण राहिला असता."

शालिनी आईकडे वळली. "गेलो तितको कान सगुणान नेल्यान," ती म्हणाली.

"सगुणान नाय," भागीरथीबाई म्हणाल्या. "सगुण सांगी होतो, पण विचारूक मी गेल्लंय. डॉक्टरान सांगल्यान त्याच दिवसा बोटीत बसाचा, ता सोडून मी विचारीत बसलंय." आणि त्या इस्पितळाच्या बाकावर बसून पोरीसारख्या रडल्या.

सगुण काही दिवस गावात दिसला नाही, मग मेहुण्याच्या दुकानात नारळ सोलताना दिसला. पेडण्यात अजून कौल लागतात, अजून पाकळ्या पडतात, आणि ज्याला देवाच्या पाया पडायचं त्याने खुशाल पडावं. पण हात जोडणं वेगळं आणि आजारी पोराचा निकाल दुसऱ्या कुणावर सोडणं वेगळं. कुणी कानात काही सांगितलं, तर ते खरं कशावरून, हे विचारा. उलटं करून बघा, सुलटं करून बघा, आणि फिरवल्याने उत्तर फिरत असेल तर ते उत्तर नव्हेच. बाबांनो, घरात पोर तापलं असेल तर डॉक्टर गाठा. विचारायचं असेल ते बोटीत बसल्यावर विचारा.

गौरवी आता शाळेत जाते. ती वर्गात डाव्या भिंतीपाशी बसते, म्हणजे मास्तरांचं शिकवणं उजव्या कानाला पडतं. डावीकडून कुणी हळू हाक मारली, तर तिला ती ऐकू येत नाही.